वाण आणि धान : रायपूरच्या महाराष्ट्र मंडळाच्या सेवाकार्याचा इतिहास

सेवाभावी संस्थेचा इतिहास स्थापना, इमारत, पदाधिकारी आणि वर्धापनदिन या चार खुंट्यांवर टांगण्याची पद्धत मराठी स्मरणिकांत रूढ आहे. ती सोयीची आहे, तिच्यामुळे नावे आणि तारखा टिकतात, हेही मान्य केले पाहिजे. परंतु जी संस्था मुख्यतः विनामोबदला काम करणाऱ्या माणसांच्या वेळेवर चालते, तिच्या कामाचे खरे माप आठवडा हे असते, कारण स्वयंसेवकाचा वेळ वर्षाच्या हिशेबाने मिळत नाही, तो शनिवारची संध्याकाळ, रविवारची सकाळ आणि घरातली दुपारची झाकपाक आटोपल्यानंतरचे दोन तास अशा तुकड्यांनी मिळतो आणि असे तुकडे जोडूनच संस्था उभी राहते. रायपूरचे महाराष्ट्र मंडळ १९३५ साली स्थापन झाले आणि २०२५ मध्ये त्याला नव्वद वर्षे झाली. या नव्वदाव्या वर्षाच्या आरंभी, १२ ते १८ जानेवारी २०२५ या आठवड्यात, छत्तीसगडी आणि मराठी दोन्ही पंचांगांतले सण एकमेकांना लागून आले होते. मंडळाच्या सेवाकार्याचा पिंड समजून घेण्यास या आठवड्याइतका सोयीचा आधार दुसरा नाही, म्हणून प्रस्तुत इतिहासाची मांडणी त्याच्याभोवती केली आहे.

त्याआधी या शहरातील मराठी वस्तीची पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत यांनी १७४१ मध्ये रतनपूरवर चाल केल्यानंतर छत्तीसगडात मराठ्यांचा अंमल सुरू झाला, १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले यांनी रतनपुरात राहून कारभार पाहिला, आणि त्यांच्यानंतर सुभेदारांमार्फत राज्य चालवण्याची व्यवस्था, म्हणजे सुभा पद्धत, अमलात आली. इंग्रज अधीक्षक अ‍ॅग्न्यू याने १८१८ च्या सुमारास मुख्यालय रतनपूरहून रायपूरला आणले आणि १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले, तरी मराठी माणसांचे इकडे येणे थांबले नाही, उलट त्याचे स्वरूप बदलले. मध्यप्रांताची राजधानी नागपूर असल्यामुळे न्यायालये, शाळा, सरकारी कचेऱ्या आणि पुढे रेल्वे यांच्या निमित्ताने विदर्भातून वकील, शिक्षक, कारकून आणि अभियंते रायपूरला येत राहिले. तात्यापारा, बूढापारा, ब्राह्मणपारा या जुन्या वस्त्यांतून ही कुटुंबे राहू लागली. ‘पारा’ हा छत्तीसगडी शब्द असून त्याचा अर्थ आळी किंवा मोहल्ला असा आहे. मंडळाच्या पुढील रचनेत याच पाऱ्याला फार महत्त्व आले.

मंडळाच्या स्थापनेपूर्वीच्या पिढीने सार्वजनिक कामाचा जो पायंडा पाडला, त्याचा विचार येथे अधिक विस्ताराने केला पाहिजे, कारण रायपूरच्या मराठी समाजाची सेवेची कल्पना त्या पायंड्यातून आली आहे. माधवराव सप्रे यांनी जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले, रामराव चिंचोळकर हे त्यांचे सहसंपादक होते आणि प्रकाशक होते रायपूरचे वामनराव लाखे. म्हणजे या प्रदेशातील आरंभीचे हिंदी मासिक तीन मराठी भाषकांनी मिळून चालवले. सप्रे यांनी समर्थ रामदासांचा ‘दासबोध’ आणि लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ हे ग्रंथ हिंदीत आणले, रायपुरात १९११-१२ च्या सुमारास मुलींसाठी जानकीदेवी महिला पाठशाळा काढली, आणि २३ एप्रिल १९२६ रोजी याच शहरात त्यांचे निधन झाले. लाखे यांचा मार्ग निराळा होता. १८७२ मध्ये रायपुरातच जन्मलेल्या या वकिलाने १९१३ मध्ये सहकारी केंद्रीय बँकेची, म्हणजे गावोगावच्या लहान पतसंस्थांना एकत्र बांधून शेतकऱ्याला सावकाराच्या व्याजातून सोडवू पाहणाऱ्या मध्यवर्ती पेढीची, उभारणी केली, १९१६ मध्ये मिळालेली ‘रावसाहेब’ ही पदवी असहकाराच्या हाकेला ओ देऊन १९२० मध्ये परत केली, आणि १९३० च्या सत्याग्रहात रायपूरच्या जनतेने ज्या पाच नेत्यांना ‘पांडव’ म्हटले त्यांत लाखे यांना युधिष्ठिराचे स्थान दिले; उरलेले चौघे महंत लक्ष्मीनारायणदास, ठाकूर प्यारेलाल सिंह, मौलाना रऊफ आणि शिवदास डागा हे होते. या पाच नावांत मठाधिपती आहे, मुसलमान नेता आहे, मारवाडी व्यापारी आहे आणि मराठी वकीलही आहे. रायपूरच्या मराठी माणसाने स्वतःची भाषा घरात जपली आणि काम मात्र सगळ्या गावासाठी केले, ही या पिढीची शिकवण असून तिच्यापासून जो मराठी समाज ढळला तो केवळ स्मरणरंजनाचा समाज होऊन बसला, असे परप्रांतीय मराठी वसाहतींचा इतिहास पाहणाऱ्यास दिसून येईल.

मंडळ १९३५ मध्ये स्थापन झाले तेव्हा रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते, मराठी ही त्या प्रांताच्या दोन प्रमुख भाषांपैकी एक होती, आणि मराठी बोलणाऱ्या रायपूरकराला आपण परमुलखात आहोत असे वाटण्याचे फारसे कारण नव्हते. हे कारण १ नोव्हेंबर १९५६ रोजी निर्माण झाले. राज्य पुनर्रचनेत नागपूरसह विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, रायपूर मध्यप्रदेशात राहिले, राजधानी भोपाळला गेली, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाल्यावर मराठी भाषेला जे राज्य मिळाले त्याच्या सीमेबाहेर ही मंडळी कायमची उभी राहिली. बदलीच्या नोकरीनिमित्त आलेले परत जाऊ शकत होते. परंतु ज्यांच्या तीन-चार पिढ्या येथे झाल्या होत्या त्यांच्यासाठी मंडळ ही करमणुकीची जागा न राहता भाषेच्या, नात्यांच्या आणि अडीअडचणीच्या आधाराची जागा झाली. पुढे १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य होऊन रायपूर स्वतःच राजधानी झाले, शहर चहूबाजूंनी पसरले, आणि एका पाऱ्यात राहणारी मराठी घरे शंकरनगर, सुंदरनगर, रोहिणीपुरम, वल्लभनगर, डंगनिया अशा दूरदूरच्या वसाहतींत विखुरली गेली.

या विखुरण्याला मंडळाने जे उत्तर दिले ते त्याच्या इतिहासातील सर्वांत शहाणपणाचे पाऊल मानले पाहिजे. चौबे कॉलनीतील भवनात सर्वांनी यावे असा आग्रह धरण्याऐवजी मंडळच वसाहतींत गेले, आणि तेथील महिलांची केंद्रे तयार झाली. ‘केंद्र’ म्हणजे एका वसाहतीतील मराठी घरांचा गट. त्याची एक संयोजिका असते, सभासद महिला आळीपाळीने एकमेकींच्या घरी किंवा जवळच्या देवळात जमतात, आणि भजन, हळदीकुंकू, वर्गणी, आजाऱ्याची विचारपूस, शाळेच्या फीसाठी अडलेले मूल या सर्व गोष्टी त्या एकाच बैठकीत निघतात. कागदावर नोंदणीकृत संस्था एकच असते, तिच्या कार्यकारिणीची निवडणूक होते, हिशेब तपासले जातात. परंतु कोणाच्या घरी काय अडले आहे ही माहिती कार्यकारिणीला केंद्रांकडून मिळते. इमारतीला देणगी देणाऱ्यांची नावे पाटीवर कोरली जातात, तेवढ्याच ठळकपणे संयोजिकांची नावे कोठेतरी कोरली गेली पाहिजेत.

आता त्या आठवड्याकडे वळता येईल. १२ जानेवारी २०२५ हा रविवार होता. ही तारीख जिजाऊंच्या जन्मदिनाची आणि स्वामी विवेकानंदांच्या जयंतीचीही असून १९८५ पासून ती राष्ट्रीय युवा दिन म्हणून पाळली जाते. रायपूरला तिचे विशेष महत्त्व आहे, कारण १८७७ मध्ये चौदा वर्षांचा नरेंद्र, म्हणजे पुढचे विवेकानंद, वडिलांबरोबर या शहरात आला आणि सुमारे दोन वर्षे बूढापाऱ्यात राहिला. जवळच्या बूढातलावाला आज विवेकानंद सरोवर म्हणतात. सिंदखेडराजाची लेक आणि कलकत्त्याचा मुलगा यांचे स्मरण एकाच दिवशी करण्याचा योग रायपूरच्या मराठी माणसाच्या वाट्याला आला आहे.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, पौष पौर्णिमा होती. मराठी पंचांगात ती शाकंभरी पौर्णिमा, आणि छत्तीसगडात ती छेरछेरा. खरिपाचे धान कापून, मळून कोठीत पडल्यानंतरचा हा सण असून त्या दिवशी मुले आणि तरुणांचे गट टोपल्या, पिशव्या घेऊन दारोदार धान मागत फिरतात आणि घरधनीण सुपातून किंवा ओंजळीने त्यांना ते घालते. मागणाऱ्याला त्यात कमीपणा नसतो, कारण श्रीमंताचे मूलही त्या दिवशी मागायला निघते, आणि देणाऱ्यालाही मोठेपणा नसतो, कारण दार सर्वांचेच वाजते. धान हा शब्द विदर्भातल्या भंडारा-गोंदियाकडच्या मराठीतही असाच आहे, त्यामुळे तिकडून आलेल्या कुटुंबांना या सणाचा अर्थ समजावून सांगावा लागला नसावा.

तिसऱ्या दिवशी, १४ तारखेला, संक्रांत आली. संक्रांतीच्या सुगडात, म्हणजे लहान मातीच्या बोळक्यात, उसाचे करवे, बोरे, हरभऱ्याचे घाटे, गाजर, गव्हाच्या ओंब्या आणि तीळ घालून ते एकमेकींना देण्याच्या रीतीला वाण म्हणतात, आणि वाण देण्याच्या क्रियेला मराठी बाई ‘लुटणे’ म्हणते. येथे लुटणारी स्वतःच देणारी असते. घरातले हात सैल सोडून वाटून टाकणे असा त्याचा भाव आहे. छेरछेऱ्याचे धान आणि संक्रांतीचे वाण ही दोन्ही नव्या पिकाची वाटणी आहे, दोन्ही घरातल्या बाईच्या हातून होतात, आणि २०२५ मध्ये ती लागोपाठच्या दोन दिवशी आली. महाराष्ट्र मंडळाच्या सेवाकार्याला या दोन रीतींच्या शेजाराने जी बैठक दिली आहे, ती कोणत्याही घटनापत्रातील उद्दिष्टांपेक्षा अधिक जुनी आहे.

त्या वर्षी संक्रांतीपासून ४ फेब्रुवारीच्या रथसप्तमीपर्यंत, म्हणजे बावीस दिवस, हळदीकुंकवाचा काळ होता. केंद्रागणिक हळदीकुंकू घालायचे तर तारखा अशा लावाव्या लागतात की एका वसाहतीच्या बायकांना दुसरीकडे जाता यावे, मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना सर्वत्र पोहोचता यावे आणि परीक्षेला बसलेल्या मुलांच्या आयांची ओढाताण होऊ नये. आमंत्रणे, तिळगूळ, अत्तरदाणी, गुलाबदाणी, खुर्च्या, चहा, हजेरी आणि मागाहूनची आवराआवर हे सर्व चार-पाच जणींवर पडते. बाहेरून पाहणाऱ्याला हा केवळ समारंभ वाटतो. वस्तुतः वर्षातून एकदा होणारी ही वसाहतीची शिरगणतीच असते. कोणती सून नव्याने आली, कोण नोकरीला लागली, कोण बाळंतपणाला माहेरी गेली, कोण एरवी येणारी यंदा आली नाही आणि का आली नाही, हे त्या दोन तासांत कळते, आणि न आलेल्या बाईच्या घरी दुसऱ्या दिवशी कोणीतरी जाते. मंडळाच्या मदतीचा मार्ग पुष्कळदा या न आलेल्या बाईच्या दारातूनच निघतो.

हळदीकुंकवाच्या रीतीतील एका गोष्टीविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. हा समारंभ परंपरेने सुवासिनींचा, म्हणजे ज्यांचे पती हयात आहेत अशा स्त्रियांचा मानला गेला, आणि ज्या बाईला शेजारणींच्या आधाराची सर्वाधिक गरज तिलाच त्या दिवशी घरी बसवले गेले. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्याच्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याची दखल महाराष्ट्रभर घेतली गेली. हळदीकुंकू ही जर सेवेची पहिली पायरी असेल, तर त्या पायरीवर कोणालाही अडवणे म्हणजे सेवेलाच अडवणे होय. ज्या केंद्रात सर्व स्त्रियांना सारख्या मानाने कुंकू लावले जाते तेच केंद्र पुरते झाले असे समजावे, आणि वाणात प्लास्टिकच्या डब्या वाटण्यापेक्षा तेच पैसे एखाद्या मुलीच्या पुस्तकांना देणारे केंद्र त्याहून पुढे गेले असे म्हणावे.

शुक्रवारी, १७ तारखेला, संकष्टी चतुर्थी होती. शनिवार हा मंडळाच्या आध्यात्मिक समितीचा दिवस असतो. रामरक्षा आणि हनुमान चालिसा यांचे सामूहिक पठण त्या दिवशी ठिकठिकाणी होते. एक संस्कृत आणि एक अवधी अशा दोन रचना एका बैठकीत म्हटल्या जातात, यातच रायपूरच्या मराठी घराचे भाषिक वास्तव दिसते, कारण तेथे मुले आजीशी मराठीत, मित्रांशी हिंदीत आणि भाजीवालीशी छत्तीसगडीत बोलतात.

सणांचे दिवस असे भरगच्च असले तरी मंडळाची नित्याची कामे त्या आठवड्यात थांबत नाहीत, आणि स्वयंसेवकांची खरी कसोटी तेथेच लागते. संत ज्ञानेश्वर विद्यालयात वर्ग भरतात. दिव्यांग मुलींच्या निवासगृहात सकाळी सहाला चहा, आंघोळ, औषध आणि शाळेची तयारी ही संक्रांतीच्या दिवशीही व्हावीच लागते. ‘दिव्यांग’ हा शब्द सरकारी व्यवहारात गेल्या दहा वर्षांत रुळला; २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातवरून एकवीस केले, आणि त्यामुळे पूर्वी कोणत्याच नोंदीत न बसणाऱ्या अनेक मुलांना हक्काची ओळख मिळाली. मुलगी आणि त्यात दिव्यांग, अशा दुहेरी कारणाने जिला गावातल्या शाळेची वाट बंद होते तिच्यासाठी शहरात राहण्याची जागा मिळणे हेच शिक्षणाचे दार असते. नोकरी करणाऱ्या महिलांसाठी मंडळ जे वसतिगृह चालवते त्यामागचा विचारही असाच आहे. राजधानीच्या शहरात पहिल्या नोकरीला आलेल्या मुलीला पगाराआधी सुरक्षित खोली लागते.

रुग्णोपयोगी साहित्याची सोय हे मंडळाचे आणखी एक काम असून ते बाहेर फार कमी बोलले जाते. रुग्णाचा पलंग, चाकांची खुर्ची, वॉकर, हवेची गादी, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर या वस्तू घरात दोन-तीन महिने लागतात आणि नंतर अडगळ होतात. मांडीचे हाड मोडलेल्या वृद्धाला शस्त्रक्रियेनंतर त्या अत्यावश्यक असतात, परंतु मध्यमवर्गीय घराला त्या विकत घेणे परवडत नाही. रायपूरला ही गरज अधिक भासते. डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालयात, ज्याला सगळे छत्तीसगड ‘मेकाहारा’ या नावाने ओळखते, आणि २०१२ मध्ये सुरू झालेल्या एम्समध्ये धमतरी, महासमुंद, कांकेरपासून रुग्ण येतात, आणि रुग्णालयातून सुटी मिळाल्यानंतरचे आजारपण घरच्यांनाच काढावे लागते. वस्तू देणे त्यामानाने सोपे असते. ती परत आणणे, धुऊन निर्जंतुक करणे, चाकात तेल घालणे, नोंद करणे आणि पुढच्या घरी वेळेवर पोहोचवणे हे कंटाळवाणे काम जो स्वयंसेवक वर्षानुवर्षे करतो त्याच्यावर ही सोय उभी असते.

सेवा क्लबांच्या परंपरेशी तुलना केल्यास मंडळाचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. शिकागोत १९०५ साली स्थापन झालेली रोटरी आणि १९१७ मध्ये सुरू झालेली लायन्स या संस्थांत निरनिराळ्या व्यवसायांतील माणसे सभासद म्हणून निवडली जातात, त्यांचे वर्ष १ जुलैला सुरू होते, दरवर्षी अध्यक्ष बदलतो, आणि ठरावीक कार्यक्रम ठरावीक सप्ताहात घेतले जातात. या शिस्तीचे मोल मोठे आहे. रोटरीने १९८५ पासून पोलिओ निर्मूलनाचा ध्यास घेतला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले, त्यात तिच्या स्वयंसेवकांचा वाटा आहे. मंडळात माणूस व्यवसायाने येत नाही, तो घराने येतो. आजी, सून आणि नात एकाच कार्यक्रमात तीन कामे करतात. याचा लाभ जिव्हाळ्यात दिसतो आणि तोटा शिस्तीत. रक्तदानाचे उदाहरण घेतले तर हा फरक नीट कळतो. रक्तातील तांबड्या पेशी सुमारे पस्तीस ते बेचाळीस दिवस आणि प्लेटलेट केवळ पाच दिवस टिकतात, पुरुषाला पुन्हा रक्त देण्यास तीन महिने आणि स्त्रीला चार महिने थांबावे लागते. म्हणून जयंतीच्या एका दिवशी शेकडो बाटल्या जमवण्यापेक्षा तेच दाते वर्षभर विभागून पाठवणे रुग्णांच्या अधिक उपयोगाचे असते. उत्सवाच्या तारखेवर सेवा बांधण्याची सवय मराठी संस्थांना फार आहे, आणि या बाबतीत क्लबांच्या नियोजनाकडून मंडळांनी शिकण्यासारखे आहे.

वर्षातील इतर गर्दीच्या आठवड्यांचा येथे उल्लेख पुरेसा आहे. १९ फेब्रुवारीला तात्यापारा चौकातील शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापाशी शहरातील मराठी माणसे जमतात, २३ फेब्रुवारीला गाडगेबाबांची जयंती येते आणि २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. भाद्रपदात गणेशोत्सव येतो, पण रायपूरचा गणपती आता एकट्या मराठी समाजाचा राहिलेला नाही. विसर्जनाच्या झांक्या, म्हणजे चलचित्रांचे देखावे असलेल्या मिरवणुका, पाहण्यास सगळे शहर रात्रभर रस्त्यावर असते. लोकमान्यांच्या प्रेरणेने सार्वजनिक झालेला उत्सव येथे खरोखर सार्वजनिक झाला, याचे समाधान मराठी माणसाने मानावे.

केंद्रांतील काम आजही बहुतांशी पन्नाशी-साठीच्या महिलांच्या खांद्यावर आहे. त्यांच्या मुली-सुना पुणे, बंगळूर किंवा परदेशात असतात, आणि ज्या येथे आहेत त्यांची मराठी बोलण्यापुरती राहिली आहे, लिहिण्यापुरती नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. रायपूरच्या मुलीला मात्र मराठी लिहिण्याची गोडी तेव्हाच लागेल, जेव्हा केंद्राच्या वहीत हजेरी, वर्गणी आणि आजाऱ्याच्या पलंगाची नोंद मराठीत करण्याचे काम तिच्या हाती दिले जाईल. माधवरावांनी आणि वामनरावांनी हिंदीची सेवा केली ती मराठी विसरून नव्हे, हे तिला त्या वहीतून आपोआप कळेल.

या स्मरणिकेच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी मंडळाची किंवा केंद्रांची जुनी पावतीपुस्तके, हळदीकुंकवाची आमंत्रणे, भजनी मंडळाच्या हजेरीच्या वह्या, नाटकांच्या जाहिराती किंवा शिबिरांची छायाचित्रे असतील, त्यांनी ती रद्दीत न घालता चौबे कॉलनीतील कार्यालयात आणून द्यावीत आणि प्रत्येक छायाचित्राच्या मागे त्यातील स्त्रियांची नावे माहेर-सासरच्या आडनावांसह पेन्सिलीने लिहावीत.